पाटीवरची पहिली वेलांटी

सोलापूरच्या नवी पेठेतलं आमचं साड्यांचं दुकान नव्यानं सजवायचं ठरलं, तेव्हा भावानं आजोबांच्या काळातली निऑनची पाटी भंगारात काढली. मी ती मागून घेतली. तिच्या लाल उजेडात मी लहानाची मोठी झाले होते.

पाटीवर 'साडि सेंटर' असं होतं. वेलांटी चुकीची, पहिली. शाळेतल्या बाई चूक दाखवायला म्हणून आत यायच्या आणि साडी घेऊन जायच्या.

उतरवताना नेमकी ती वेलांटीच फुटली. पाटी मांडीवर आडवी धरून मी रिक्षानं तिच्या कारागिराकडे गेले. विणकरांचं घर, आपसात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. म्हातारपणामुळं त्यांनी हे काम कधीच सोडलं होतं. काचेवरून हात फिरवत ते म्हणाले, "माझी पहिली पाटी ही. चूक कळली तवा रडायचाच बाकी होतो. तुमचे आजोबा म्हणाले, 'गिऱ्हाईक साडी बघाया येतंय की, वेलांटी न्हाय.' पण आता दुसरीच घालतो. लई वर्षं सलतीय."

मी वडिलांना फोन लावला. ते जवळजवळ ओरडलेच, "दुसरी अजिबात नको! पहिलीच राहू दे म्हणावं. लोक आपलं दुकान तिच्यावरनंच ओळखतात."

कारागीर खो खो हसले. "व्हय? मग आता मुद्दाम चुकतो."

त्यांनी मागच्या खोलीतला बर्नर पेटवला. काचेच्या नळीला जोडलेली रबरी नळी ओठांत धरून, हळूहळू फुंकत ते तापलेली काच वाकवू लागले. दोन नळ्या फुटल्या, तिसरी जमली. तिच्यात गॅस भरायला आणखी दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी बटण दाबलं. अक्षरं जराशी फडफडली आणि लाल उजळली. मी टाळ्याच वाजवल्या. त्यांची बायको पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली, पाटीकडे बघितलं आणि तेलुगूत काहीतरी बोलली. कारागिरांनी कपाळावर हात मारला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणती, अजून चुकलंयच की!"

भावानं ती पाटी दुकानात, पैठण्यांच्या कपाटावर स्वतःच्या हातानं लावली. ती बघून समोरच्या घड्याळवाल्या काकांनी माळा धुंडाळला आणि आपलीही जुनी निऑनची पाटी खाली काढली. गेल्या आठवड्यात ती घेऊन काका आणि मी पुन्हा कारागिरांच्या त्याच मागच्या खोलीत गेलो.