जयंतच्या वरची ओळ

श्यामसुंदर तेंडोलकर फौजेत पेंटर होता. कोकणातल्या लहानशा गावातून गेला, चोवीस वर्षं पलटणीच्या पाट्या रंगवल्या आणि निवृत्तीनंतर चंदिगडलाच, सेक्टर बावीसमध्ये एक बूथ, म्हणजे छोटासा गाळा, घेऊन बसला. छावणीत दर दोन-तीन वर्षांनी नवे साहेब बदलून येत, आणि नव्या दाराला नव्या नावाची पाटी लागे. त्या पाट्या तो करायचा. त्याचं अक्षर पाहिलं की त्यावरून बोट फिरवावंसं वाटे. हे त्याला ठाऊक होतं, आणि सांगायला तो लाजतही नसे.

दोन हजार चारच्या सुमारास गिऱ्हाईक आटलं. बदलीचा कागद हाती आला की साहेबांच्या बायका जोधपूर-झाशीहूनच कॉम्प्युटरवर पाटीवाला शोधू लागल्या होत्या. ‘चंदिगड नेमप्लेट’ असं टाकलं की पहिलं नाव निघे जयंत शिंगटेचं. जयंत त्याच पलटणीतला एके काळचा कारकून. त्याला ब्रश धरायला श्यामसुंदरनेच शिकवलं होतं, आणि त्याची ओळ अजूनही उतरणीला लागे.

वेबसाइट श्यामसुंदरनेही केली होती. सगळा मजकूर हाताने रंगवला, फोटो काढले आणि सायबर कॅफेवाल्याकडून चढवून घेतले. पान असं सजलं होतं की डोळा हलू नये. पण शोधायला गेलं तर दहा पानं उलटूनही सापडत नसे.

रोज संध्याकाळी कॅफेत जाऊन तो जयंतचं नाव पाहून येई. त्याची बायको नीला म्हणे, “देवळात गेल्यासारखे नेमाने जाता. बघून तो खाली येतो का?”

“आज त्याने फोटो बदललाय,” एवढंच बोलून तो अर्धं ताट बाजूला सारी.

एकदा मैत्रेयी पाटी न्यायला आली. ती सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत इंजिनियर होती. त्याने तिलाच कॅफेत नेलं.

“काका, माउस दाबून या ओळीवरून ओढा,” ती म्हणाली. जयंतच्या पानावर एकेक अक्षर निळं होत गेलं. स्वतःच्या पानावर ओढलं, तर एकही अक्षर वेगळं धरता येईना.

“तुमचं पान म्हणजे नुसतं चित्र आहे. सर्च इंजिनला चित्र वाचता येत नाही, टाइप केलेलंच कळतं. त्याच्या लेखी तुमचं पान कोरं आहे.”

“आणि ते गचाळ अक्षर वाचता येतं?”

“अक्षर गचाळ की सुंदर, हे त्याला कळतच नाही, काका.”

हे त्याला फार लागलं. तरी त्याने बसून सगळं टाइप करून घेतलं: कामाचं नाव, गावाचं नाव, सेक्टर. महिन्याभरात तो तिसरा आला. तिथून मात्र हलेना. मैत्रेयी म्हणाली, “दुसऱ्याच्या पानावर तुमची लिंक असली तर ती साक्ष धरतात. तुमच्याच धंद्यातला आणि वर असलेला कुणी असेल, तर त्याची साक्ष जास्त मोलाची.”

असं पान एकच होतं. चार दिवस त्याने मानीपणा गिळण्यात काढले. पाचव्या दिवशी मोहालीला जयंतच्या घरी गेला.

“एवढंच ना?” जयंत म्हणाला. “अरे यार, गुरू आहेस तू माझा. पण तूही माझी टाक हां. पक्कं?”

“टाकतो की.”

जयंतने त्याच दिवशी लिंक टाकली. तीन आठवड्यांनी श्यामसुंदरची ओळ जयंतच्या वर आली. त्याने नीलाला कॅफेत नेऊन दाखवली.

“छान झालं. आणि जयंतभावजींचं नाव टाकलंत का?”

मग त्याने दोन दिवस बूथचं शटर अर्धं ओढून जयंतचं नाव रंगवलं. सोनेरी कड, खाली हलकी सावली. आयुष्यात इतकी देखणी पाटी त्याच्या हातून उतरली नव्हती. तिचा फोटो काढून तो पानाच्या अगदी वरच लावला. नुसता फोटो. लिंक नाही, टाइप केलेलं एक अक्षर नाही. लावल्यावर त्याने माउस ओढून पाहिला. काही निळं झालं नाही.

जयंत बूथवर आला तो हसतच.

“श्याम, माझं नाव इतकं सुंदर कुणी लिहिलं नव्हतं रे. बायकोला बोलावून दाखवलं. ती पाटी मला देतोस?”

“ने की,” म्हणत त्याने पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

संध्याकाळी तो कॅफेत गेला. जयंत तिसऱ्यावर घसरला होता. ते बघत बसायला श्यामसुंदरने कॅफेतला अर्धा तास वाढवून घेतला.