भुईगावचे गॉडफ्रे मास्तर आणि हळदीची धून

शहाऐंशीव्या वर्षीही गॉडफ्रे मास्तरांना कोणी ‘तुम्ही काय वाजवता?’ असं विचारलं, की ते उखडतात. वाजवणारे ढीगभर असतात, मास्तर अरेंजर. साठच्या दशकात मुंबईच्या हॉटेलांतल्या डान्स बँडसाठी ते नोटेशन लिहायचे. ट्रम्पेट कुठे चढवायचा, सॅक्सोफोनने कुठे गप्प बसायचं, सगळं तेच ठरवायचे. ते बँड बंद पडले तेव्हा रडत न बसता मास्तर भुईगावला परतले आणि वाडीत राबणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात पितळी वाद्यं देऊन त्यांनी गावचा बँड उभा केला. पंचक्रोशीतली लग्नं आणि मयतं मग त्यांच्याच सुरांवर निघू लागली.

यंदा मात्र नाताळानंतर बँड बंद, असं त्यांनी जाहीर केलं. त्यांची मुलगी एलिना शाळेत संगीत शिकवते, बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवते. ‘मी चालवते’ म्हणून ती मागे लागली होती. पण मास्तरांच्या मते वाजवणं वेगळं आणि ऐन वेळी डोकं चालवणं वेगळं. म्हातारा हट्टी, दुसरं काय!

अशातच एके दिवशी सकाळी बँडने गावातलं एक मयत पोचवलं, आणि संध्याकाळी शेजारच्या होळी नावाच्या गावात मास्तरांच्या ओळखीतल्या रमेशच्या मुलीची, अश्लेषाची हळद होती. ट्रम्पेटवाला वॉल्टर दमला होता. मास्तरांनी बांधलेल्या लग्नाच्या आणि मयताच्या धुना सारख्याच सुरांनी सुरू व्हायच्या. वॉल्टर सवयीने सकाळचीच, मयताची धून वाजवू लागला, आणि ट्रम्पेटच्या मागे जायचं या शिस्तीपायी अख्खा बँडही. रमेश शेजारधर्म म्हणून कितीतरी मयतांना गेलेला. त्याने धून ओळखली. हळद लावायला उचललेला हात तसाच राहिला. बँड थांबवावा, तर हळदीत वाजंत्री बंद पडणं त्याहून अशुभ.

मास्तरांनी बँडला इशारे द्यायची छडी उचलली, पण काही सुचेना. असं आजवर कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात एलिना पुढे सरकली. तेच सूर तिने दुप्पट लयीत घेतले आणि ड्रमवाल्याला मानेने खुणावलं. त्याने ठेका पकडला. बघता बघता मयताची धून नाचरी झाली आणि रमेशची बहीण मनोरमा पदर खोचून अंगणात उतरली. तिच्यामागे सगळ्या बायका.

हळद आटोपल्यावर मास्तर लेकीजवळ आले. त्यांना लाजही वाटत होती आणि ऊर भरूनही आला होता. “हे मला सुचलं नसतं,” ते म्हणाले आणि छडी तिच्या हातात दिली. मग जरा चाचरत विचारलं, “आता मला कुठल्या रांगेत उभा करतेस?”

एलिनाने डोळे पुसले.

“बघते, पपा. आधी तालमीला वेळेवर या.”