आत्याच्या डोक्यावरचे लाल ठिपके

पदवीच्या शेवटच्या वर्षी मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत माझ्या प्रकल्पाचा विषय घरातलीच भाषा होता. मराठीत सुरू झालेलं वाक्य मध्येच कन्नडकडे वळतं, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मेंदूत काय होतं? त्यासाठी म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांतली माणसं लागत. ती मिळवता मिळवता सेमिस्टर संपत आलं. शेवटची उरली शहरातल्याच अग्रहार भागात राहणारी माझी आत्या. तिच्या मेंदूची नोंद बिघडली असती तर प्रकल्प अपुरा राहून पदवी पुढच्या वर्षावर गेली असती.

केस धुऊन ये, असं तिला सांगितलं होतं. तिने धुतले. मग रिक्षात बसण्याआधी भरपूर खोबरेल लावलं, घट्ट वेणी घातली आणि वर मोगऱ्याचा गजरा माळला.

इलेक्ट्रोडची टोपी तिच्या डोक्यावर चढवली. पडद्यावर प्रत्येक इलेक्ट्रोडचा एक ठिपका असतो. त्वचेशी संपर्क जुळला की तो हिरवा होतो. सगळे लाल राहिले.

"आत्या, तेल कशाला लावलंस?"

"मग काय, केस भुरभुरत येऊ विद्यापीठात? तुझीच मर्यादे गेली असती. सुम्ने बस." वाक्य कन्नडकडे वळलंच: मर्यादे म्हणजे अब्रू, सुम्ने म्हणजे गप्प.

इलेक्ट्रोडखाली संपर्काचं जेल जास्त घालून चालवून घेऊ, असं मी सुचवलं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "चालवून घेतलेलं नंतर ओळखू येत नाही. म्हणूनच नको."

त्यांनी गजरा पाण्याच्या बीकरमध्ये ठेवला. टोप्या धुण्याच्या बेसिनपाशी खुर्ची ओढली, बाह्या वर केल्या, पाणी मनगटावर घेऊन पाहिलं आणि आत्याचं डोकं स्वतः धुतलं. मी टॉवेल धरून उभी होते.

"लग्न झाल्यापासून कुणी माझं डोकं धुतलं नाही," आत्या कन्नडमध्ये म्हणाली.

"मान जरा खाली, अम्मा."

केस वाळल्यावर ठिपके हळूहळू हिरवे झाले. कानामागचा एक लालच राहिला. "तो लाल म्हणूनच लिहा," बाई मला म्हणाल्या. मी तसं लिहिलं.

नोंद संपली. "काय दिसलं?" आत्याने विचारलं.

"तुम्ही जाग्या होतात आणि लक्ष देऊन ऐकत होतात," बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "नोंद वापरता येईल."

"हे मी डोकं न धुताच सांगितलं असतं."

बाईंनी तिच्यापुढे कंगवा केला आणि बीकरमधला गजरा काढून दिला.