साडूभाऊंचं कारंजं

माझे धाकटे साडू उद्या स्वर्गात गेले, तर अप्सरांकडे ढुंकूनही बघणार नाहीत. ते थेट अमृताच्या कुंडामागे जाऊन गुडघे टेकतील, आत डोकावतील आणि इंद्राला हाक मारून सांगतील, "साहेब, सक्शन कमी पडतंय की ओ तुमचं!" पृथ्वीच्या पाठीवर इतका पंपवेडा माणूस दुसरा झालेला नाही, आणि झालाच असेल तर तो माझ्या सासुरवाडीत तरी नको, एवढीच माझी देवाला विनंती आहे. एक पुरे आहे. खरं सांगायचं तर एक हवाच आहे.

हे गृहस्थ म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. मूळचे कऱ्हाडकडचे. तरुणपणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्यात पंपांच्या देखभालीला लागले, शेजारच्या बोईसरला राहिले आणि तेव्हापासून त्यांना जगात पंपाखेरीज काही दिसेनासं झालं. माणूस म्हणजे काय, तर छातीत एक पंप आणि बाकी सगळी पाइपलाइन. चहा गाळणीतून सावकाश पडला, की ते मेहुणीला बजावतात, "स्ट्रेनर चोकअप झालाय तुझा." आम्ही त्यांना केळव्याच्या किनाऱ्यावर सूर्यास्त दाखवायला नेलं, तर हा माणूस सूर्य सोडून ओहोटीचं पाणी बघत बसला आणि बऱ्याच वेळाने कौतुकाने म्हणाला, "एवढं पाणी रोज दोनदा ओढायचं म्हणजे खायचं काम नाही." एका बारशाला पाळण्यातलं बाळ काही केल्या रडायचं थांबेना. खुळखुळे वाजवून झाले, आत्याबाईंची गाणी झाली, दृष्ट काढून झाली. साडूभाऊ शांतपणे उठले, "एअर लॉक हाय," म्हणाले, बाळाला खांद्यावर उभं धरून त्याच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या. बाळाने असा काही ढेकर दिला, की पंगतीतल्या एका आजोबांनी दचकून "पुरे, पुरे" म्हणत पानावर हात आडवा धरला. साडूभाऊंनी तळहात झटकले आणि परत जिलबीकडे वळले.

अशा माणसाला कुठेही मान मिळाला असता. माकुणसारला, आमच्या सासूबाईंच्या घरी तेवढा मिळत नव्हता. सासूबाई म्हणजे वाडीच्या अनभिषिक्त राणी. नारळ, केळी, फणस, आंबे आणि दोन मुली, सगळं त्यांनी एकहाती वाढवलेलं. मी पालघरचा, म्हणजे जवळजवळ गाववालाच, म्हणून मी "जावईबापू". साडूभाऊ मात्र मुलं कॉलेजात गेली तरी "बोईसरवाले" ते बोईसरवालेच. लग्न ठरताना सासूबाईंनी एकच शंका काढली होती, "रंगाच्या कारखान्यातला हाय, म्हणजे वास यायचा." तेव्हापासून साडूभाऊंची खुर्ची वाऱ्याची दिशा बघून मांडली जाते.

पण साडूभाऊंचं खरं दुःख खुर्चीचं नव्हतं. ते दरवेळी सासूबाईंसाठी काहीतरी यंत्र घेऊन येत. कधी भाजी चिरायचं, कधी रस काढायचं, कधी पाय दाबायचं. सासूबाई खोक्याकडे बघून दोनच शब्द बोलत, "ठेवा तिथं." तिथं म्हणजे जिन्याखालच्या कोपऱ्यात. तिथं गेलेली वस्तू पुन्हा उजेडात आल्याचं कोणी पाहिलेलं नाही. आणि मी सफाळ्याच्या बेकरीतून आणलेली साधी नानकटाई मात्र आल्याबरोबर देवापुढे जाई. (ती देवापुढे जाताना मी साडूभाऊंकडे बघून किंचित हसत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही.) एकदा परतताना रिक्षात ते जिन्याखालची खोकी बोटांवर मोजत होते. मग म्हणाले, "साडूभाऊ, आईंनी माझी एक वस्तू वापरायला काढावी. एक. मग मी कायबी आणणार नाही." त्या दिवशी मला हसू आलं नाही.

आणि मग त्यांच्या आयुष्यात चॉकलेटचं कारंजं आलं. पालघर-बोईसर रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये आम्ही लग्नाच्या स्वागत समारंभाला गेलो होतो. आइस्क्रीमशेजारी ते उभं होतं. तीन मजल्यांच्या स्टीलच्या छत्र्या, आणि त्यांवरून खाली उतरणारा पातळ चॉकलेटचा पडदा. पोरं काडीला फळं टोचून त्यात बुडवत होती. मी आशेने रांगेत उभा राहिलो. मागे वळून बघतो तर साडूभाऊ नाहीत. शेवटी टेबलाच्या झालरीखालून त्यांचे बूट बाहेर आलेले दिसले. ते टेबलाखाली उताणे पडून आवाज ऐकत होते. नवऱ्या मुलीच्या काकांनी त्या बुटांना उद्देशून सांगितलं, "भाई, ये हो जाए तो ज़रा वो माइक भी देख लेना." साडूभाऊ बाहेर आले, त्यांनी निमूटपणे माइक दुरुस्त करून दिला आणि न जेवता माझा दंड धरून म्हणाले, "पंप हाय ओ! आत मळसूत्राचा दांडा फिरतोय. घट्ट माल वर चढवतोय आणि माणसं त्याच्याकडं बघून हसतायत! आमच्या पंपाकडं बघून कधी कोण हसलंय का?"

पंधरवड्याच्या आत घरगुती आकाराचं तसलंच कारंजं त्यांच्या बोईसरच्या फ्लॅटमध्ये दाखल झालं. मुलीच्या वाढदिवसाला उद्घाटन ठरलं. टेबलावर पाणसळ लावून पातळी साधली गेली. मग त्यांनी बादलीभर पाणी आणलं, कारंज्यात ओतलं आणि यंत्र चालू करून ते पाणी पाच-सात मिनिटं फिरवलं. मी विचारलं, "हे कशाला?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "लाइन फ्लश केल्याशिवाय प्लांट चालू करत नसतात, साडूभाऊ. शिस्त हाय ही." पाणी उपडं करून टाकलं आणि त्या निथळत्या भांड्यात वितळलेलं चॉकलेट ओतलं. टाळ्यांच्या गजरात बटण दाबलं. कारंजं घरघरलं, थरथरलं, आणि चॉकलेट वर चढण्याऐवजी जागच्या जागी मळू लागलं. बघता बघता त्याचा शाडूच्या मातीसारखा गोळा झाला. वरच्या छत्रीतून एक ढेकूळ तेवढं उडालं, ते कारखान्यातल्या एका पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर बसलं. "व्होल्टेज," साडूभाऊ म्हणाले.

पुढच्या वेळी दोष चॉकलेटच्या जातीवर गेला. त्यानंतरच्या वेळी हवेवर. किनाऱ्यावरच्या दांडी गावात त्यांचा एक मित्र राहतो, बोटीचं इंजिन बिघडलं की साडूभाऊंना बोलावणारा. त्याच्या नातवाच्या वाढदिवसाला हे कारंजं स्कूटरवर पायाशी बसून दांडीला गेलं. या वेळी साडूभाऊंनी दुप्पट पाण्याने फ्लश केलं, म्हणून माल दुप्पट घट्ट झाला. सगळे गोळ्याभोवती उभे. शेवटी त्या मित्राच्या आईने कुरकुरीत तळलेला बोंबील त्या गोळ्यात खुपसला, तोडून खाल्ला आणि म्हणाली, "वायट नाय. पण भाऊ, ह्याला कारंजा कशाला पायजे होता? ताटलीत दिला असता तरी खाल्ला असता आमी." घरी येताना साडूभाऊ स्वतःशीच पुटपुटत होते, "फ्लशिंग कमी पडलं. फ्लशिंगच कमी पडलं."

अशात मे महिन्यात सासूबाईंची पंच्याहत्तरी आली. साडूभाऊंनी कारंजं नेणार असं जाहीर केलं आणि घरात बंड झालं. मेहुणी म्हणाली, "आईच्या अंगणात तुमचा चिखल नको. सगळा गाव येणार आहे." माझी बायको म्हणाली, "भाऊजी, या वेळी साधी साडी द्या ना." मी दोन्ही बाजूंना मान डोलावली, कारण हा सोहळा चुकवायची माझी अजिबात इच्छा नव्हती. साडूभाऊ कोणाशीच वाद घालत बसले नाहीत. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "आईंनी ह्यालापण तिथं ठेवा म्हटलं, तर ठेवून येईन. मग संपलं."

समारंभाच्या दिवशी सकाळीच आम्ही माकुणसारला पोचलो. स्वतःची पंच्याहत्तरी असली म्हणून कैऱ्या थांबत नाहीत, असं सासूबाईंचं मत होतं. अंगणात चटईवर लोणच्याच्या बरण्या उन्हात पालथ्या घातलेल्या होत्या आणि मी कैऱ्या पुसायच्या कामाला जुंपला गेलो. साडूभाऊ विहिरीवर कारंज्याला आंघोळ घालत होते. चांगलं तासभर फ्लशिंग करून ते कोपरापर्यंत भिजलेले हात घेऊन आले आणि वाटेतली बरणी सरकवायला वाकले. सासूबाई कडाडल्या, "हात लावू नका! ओले हात हायत तुमचे!"

"आई, चांगल्या पाण्याचे आहेत. विहिरीच्या."

"चांगलं असो नायतर वायट, पाणी ते पाणी. बरणीत थेंब राहिला की लोणच्याचं वाटोळं. धुवायची, पुसायची, उन्हात घालायची, तेलाचा हात फिरवायचा, मग भरायची."

साडूभाऊ वाकलेले होते, ते तसेच राहिले. "पुसायची?" त्यांनी हळूच विचारलं.

"मग काय ओल्यात भरायची? एवढी अक्कल नाय का माणसाला?"

साडूभाऊंच्या कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. त्या ठिबकण्याकडे ते असे बघत होते, जणू गुन्हेगार रंगेहाथ सापडला आहे. मग ते सावकाश माझ्याकडे वळले. "साडूभाऊ," ते म्हणाले, "आपण दरवेळी ओल्यात भरलं ओ." त्या "आपण"मध्ये मलाही ओढलेलं होतं, मी उदारपणे सोडून दिलं. ते सासूबाईंपुढे उभे राहिले. त्यांच्यासमोर यंत्रांची एवढी खोकी ठेवणारा माणूस पहिल्यांदा काहीतरी मागत होता. "आई, चटईवर थोडी जागा द्याल?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, विहिरीवरच्या सुट्या केलेल्या कारंज्याकडे पाहिलं, आणि दोन बरण्या सरकवल्या.

दुपारभर स्टीलच्या छत्र्या बरण्यांच्या रांगेत ऊन खात पडल्या. साडूभाऊ शेजारी पाट टाकून बसले होते आणि कावळ्यांना हाकलत होते. ऊन कलल्यावर सासूबाईंनी स्वतःचा कोरडा पंचा पुढे केला. "आता तेल," त्या म्हणाल्या आणि घरच्या नारळांच्या खोबरेलाची बाटली आणून दिली. साडूभाऊंनी मळसूत्राला, छत्र्यांना, भांड्याला तेलाचा हात फिरवला आणि उरलेलं चार चमचे तेल वितळलेल्या चॉकलेटमध्ये सोडलं. घट्ट चॉकलेट रेशमासारखं सैल झालं. "ल्युब्रिकेशन," ते कुजबुजले, एखाद्याने मंत्र म्हणावा तसे.

संध्याकाळी अंगण भरलं. औक्षण झालं, भाषण करायची माझी तयारी कोणी मनावर घेतली नाही, आणि साडूभाऊंनी कारंज्यापाशी जागा घेतली. खांद्यावर कोरडा पंचा. कडक नियम. "पुसल्याशिवाय फळ जवळ आणायचं नाही! ओ काका, तो ताडगोळा थांबवा! पाणी गळतंय त्याचं!" आंब्याची फोड असो की केळ्याचा काप, प्रत्येकाची तपासणी होत होती. सरपंचांचा चिकूसुद्धा पुसून घेतला गेला. मेहुणीने डोळे मिटून घेतले होते. माझ्या बायकोने पांढरा शर्ट घातलेल्या प्रत्येकाला मागच्या रांगेत पाठवलं होतं.

साडूभाऊंनी बटण दाबलं.

घरघर झाली. मग ती घरघर खाली उतरून नुसती गुणगुण उरली. वरच्या छत्रीच्या टोकाशी तपकिरी थेंब दिसला. थेंबाचा फुगा झाला, फुगा फुटला, आणि चॉकलेट छत्रीच्या काठावरून चारी बाजूंनी एकसारखं उतरलं, तिथून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. कुठे खंड नाही, कुठे ढेकूळ नाही. सगळ्या अंगणातून "आहा" असा आवाज आला. पोरं नाचली. मी तर पिपाणी फुंकणाऱ्या बँडवाल्यासारखे गाल फुगवून शिट्टी मारली, या वयात. साडूभाऊ मात्र कारंज्याकडे बघतच नव्हते. ते सासूबाईंकडे बघत होते.

सासूबाई सावकाश उठल्या. फणसाचा गरा काडीला टोचलेला होता. तो त्यांनी पंच्याकडे धरला. साडूभाऊंनी तो अलगद टिपला. सासूबाईंनी गरा धारेखाली धरला, फिरवला, तोंडात टाकला. चावत राहिल्या. अख्खा गाव त्यांच्या जबड्याकडे बघत होता.

"माझं तेल लागतंय," त्या म्हणाल्या. आणि दुसरा गरा टोचला.

पाहुणे पांगल्यावर साडूभाऊंनी कारंजं धुतलं, पुसलं, परत पुसलं आणि हातात घेऊन जिन्यापाशी उभे राहिले. सासूबाई आतून बघत होत्या. "तिथं कुठं चाललात? इकडं. ठेवा इथं, माझ्या बरण्यांच्या फळीवर." मग म्हणाल्या, "सरळ ठेवा, जावईबापू." मी सवयीने "हो" म्हटलं. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

पुढे साडूभाऊंच्या कारखान्याने त्यांना गुजरातेतल्या नव्या प्लांटवर पाठवलं. माकुणसारला येणं कमी झालं. दिवाळीला फार तर एक दिवस. कारंजं त्यानंतर कोणी चालवलेलं नाही. त्याचं बटण दाबायचा अधिकार आपला नाही, हे घरात न बोलता ठरलेलं आहे. पण दर मे महिन्यात बरण्या उन्हात निघतात, तेव्हा त्यांच्या शेवटी तीन स्टीलच्या छत्र्याही चटईवर मांडल्या जातात. कावळे हाकलायचं काम आता माझ्याकडे आहे. सासूबाई त्या पुसतात, तेलाचा हात फिरवतात आणि उजेडाकडे धरून बघतात. परवा हे चाललेलं असतानाच साडूभाऊंचा फोन आला. मी तो सासूबाईंच्या कानाला लावला.

"आई," पलीकडून आवाज आला, मागे कुठलातरी पंप घुमत होता, "कोरडं हाय ना ओ?"

"थेंब नाय लागू दिला," सासूबाई म्हणाल्या. "तुमी या नुसते."