वेळेआधी पोचलेली मोटार

अण्णांच्या मोटारीचं कौतुक कुणी काढलं, की मी अजूनही विषय बदलते. त्या काळी सोलापुरात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतही तुमच्या गाडीसारखी दुसरी नव्हती, असं जुनी माणसं मला अगदी डोळे मोठे करून सांगतात. जशी काही मी त्या मोटारीत कधी बसलेच नव्हते! त्या मोटारीपायी माझ्या थोरल्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, हे त्यांना ठाऊक नसतं. ताईचं पुढे दुसरीकडे झालं, संसारही चारचौघींसारखा झाला. पण त्या दिवसाची आठवण निघाली, की माझा चेहरा अजून तापतो.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, वकील होते. वकिली बरी चालायची. मोटार ठेवण्याइतकी मात्र मुळीच चालत नव्हती. एका संस्थानच्या धाकट्या राजेसाहेबांनी शर्यतीच्या हौसेनं ती गाडी विलायतेहून आणवली होती. लांबलचक, तांबडी, पुढच्या झाकणावर कातडी पट्टा आवळलेला. राजेसाहेबांची हौस फिटली आणि अण्णांची सुरू झाली. संस्थानच्या एका दाव्यासाठी त्यांचं तिकडे जाणं-येणं होतं, तेवढ्यात त्यांनी ती पदरात पाडून घेतली. आईला कळलं ते मोटार दारात आल्यावर. दारात म्हणजे तरी बोळाच्या तोंडाशी. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात ती शिरेचना. अण्णांनी शिरवून पाहिली आणि शेजारच्यांच्या ओट्याचा कोपरा उडवला. शेवटी भवानी पेठेत एका सुताच्या व्यापाऱ्याच्या गोदामात तिची सोय झाली. म्हणजे आमच्या मोटारीत बसायचं तर आधी टांगा करून तिथवर जायचं. लोक हसायचे. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर मीही पोट धरून हसले असते.

त्यात गावात खादीचं वारं. अण्णांनी आपले विलायती कोट होळीत टाकले, खादीची टोपी चढवली, आणि ती टोपी घालून विलायती मोटार हाकू लागले. शाळेत मुली मला ऐकू येईल असं बोलायच्या. मी अण्णांना शाळेच्या अलीकडच्या वळणावरच गाडी थांबवायला लावायची आणि तिथून चालत जायची. पण खोटं कशाला बोलू? गावाबाहेर होटगीच्या रस्त्याला गाडी मोकळी सुटली, वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, की मला विलक्षण आनंद व्हायचा. मग घरी येऊन त्या आनंदाचीच जास्त लाज वाटायची.

गावाला मात्र तिच्या वेगाचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. गावाला ती हवी असायची वरातीसाठी. अण्णांना पक्षकारांना नाही म्हणता येत नसे. पण पळण्यासाठी बांधलेल्या त्या गाडीला बँडच्या चालीनं चालणं सोसेना. चार घरं ओलांडली न ओलांडली तोच तिच्यातलं पाणी उकळायला लागायचं, वाफेचा लोट उठायचा आणि बाशिंग सावरत नवरदेव खाली उतरायचे. अण्णा घरी येऊन म्हणायचे, “या गावात तिची कदरच नाही. तिला रस्ता हवा, रस्ता!”

तो रस्ता त्यांना ताईच्या लग्नाच्या निमित्तानं मिळाला.

ताई तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसली होती. स्थळं येत होती, जात होती. ती कशालाच हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. तेवढ्यात आईच्या एका लांबच्या मामांनी माळशिरसचं स्थळ आणलं. मुलाचे वडील तिथल्या शाळेचे हेडमास्तर, मुलगा कचेरीत कारकून. घर साधं, माणसं सरळ. मुलाला वाचनाचा फार नाद, असं मामा सहज बोलून गेले, तर ताई आतून म्हणाली, “मग तिकडे वाचनालय आहे का हो?” तिनं आपणहून चौकशी केलेलं ते पहिलं स्थळ. आईनं लगेच पत्रिका दाखवून घेतली. आमच्या जोशीबुवांनी जुळते म्हणून सांगितलं, त्यांच्याकडच्यांनीही सांगितलं. राहिलं होतं ते मुलगी दाखवणं, आणि त्यासाठी तिला माळशिरसला न्यायचं ठरलं.

आई म्हणाली, “तिकीट काढून सर्व्हिस मोटारीनं जाऊ. चार माणसं जातात तसं.”

“घरची मोटार असताना?” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी हेडमास्तरांना कळवूनही टाकलं, की आम्ही स्वतःच्या मोटारीनं चारच्या सुमारास पोचतो.

आईनं निरुपायानं बेत आखला. ताईला निघताना रोजचंच लुगडं नेसवायचं, नवं इरकली पेटीत ठेवायचं. वाटेत नदीपलीकडच्या धर्मशाळेत थांबून दशम्या खायच्या, तोंडं धुवायची, वेणीफणी करायची आणि मग इरकली नेसवून तिला पुढे न्यायचं. बेत चांगला होता. पण त्या दिवशी गाडी अशी काही पळत होती, की अण्णांना थांबवेना. ती एकदाही तापली नाही, एकदाही खोकली नाही. बैलगाड्या बाजूला होत होत्या, कुत्री मागे पडत होती. आई मागून ओरडत होती, “अहो, धर्मशाळा!” आणि अण्णा मान न वळवता हात हलवत होते, “पुढं थांबू, पुढं थांबू.” पुढं पुढं म्हणता म्हणता माळशिरसची वेस आली. उन्हं अजून डोक्यावर होती.

वेशीपाशी एक म्हातारबुवा बसले होते. अण्णांनी हेडमास्तरांचं घर विचारलं, तसे ते उठून उभे राहिले. “म्हंजी मास्तरांचं पावनं व्हय तुमी? आन् ते तर च्यारला येनार हुते की!”

“गाडी जोरात आली,” अण्णा खुशीत म्हणाले.

“लई येगानं आली म्हनायची,” म्हातारबुवा म्हणाले, आणि आमच्याआधी आरोळी देऊन त्यांनी निम्मं गाव जागं केलं.

आई म्हणाली, “परत फिरवा. एखाद्या झाडाखाली थांबू.” पण पोरांचा घोळका गाडीभोवती केव्हाच जमला होता. तो मागे, आम्ही पुढे, असे आम्ही हेडमास्तरांच्या दारात जाऊन उभे राहिलो. ताईच्या भुवयासुद्धा धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या, अबोलीची वेणी कुठे उडाली कुणास ठाऊक, अंगावर विटकं लुगडं. मी तर गिरणीतून दळून निघाल्यासारखी दिसत होते.

दारात मुलाची आई अंगण सारवत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, आपल्या शेणाच्या हातांकडे पाहिलं, आणि ती आत पळाली. हेडमास्तर उघड्या अंगानं सतरंजी झटकत होते. आणि त्याच वेळी गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून मुलगा आला. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अंगात बंडी, आणि डोक्यावर उलटी घातलेली लाकडी खुर्ची. त्याला खुर्चीखालून आधी गाडीची चाकं दिसली असावीत. तो थबकला. मागे वळावं तर पोरं उभी, पुढं यावं तर आम्ही. मग तो सरळ पुढे आला, खुर्ची उतरवून आमच्या आईसमोर तिथंच गल्लीत मांडली आणि म्हणाला, “दमला असाल. आधी बसा.”

ताईला हसू आलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, पण धुळीच्या त्या मुखवट्यात तिचे दात लख्ख दिसले. त्यानं पाहिलं आणि तोही हसला. त्यात कुणाचीच टिंगल नव्हती. सगळं तिथंच सावरलं असतं.

पण खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात शाळेचं नाव घातलेलं होतं, आणि ते अण्णांना दिसलं. वकिलाला विनोद सुचला की तो गिळता येत नाही. अण्णा मोठ्यानं म्हणाले, “अरे वा! म्हणजे आमची सरकारी खर्चानं सरबराई दिसतेय, मास्तर!”

पोरं खदखदून हसली. शाळेतलीच पोरं ती. हेडमास्तर हसले नाहीत. ते सतरंजी हातात धरून तसेच उभे राहिले, मग म्हणाले, “या, आत या.” माझं तेव्हा काही कळण्याचं वय नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. मी तेरा वर्षांची होते आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. ताईनं मागीलदारी तोंड धुतलं, इरकली नेसली, पोहे घेऊन आली, पाटावर बसली. भरतकाम येतं का, स्वयंपाक येतो का, विचारून झालं. बाहेर पोरं एकामागून एक भोंपू वाजवत होती आणि दर प्रश्नाला ताईला उत्तर दोनदा द्यावं लागत होतं. अण्णा अधूनमधून खिडकीतून गाडीकडे नजर टाकत होते. मुलगा आता कोट घालून, भांग पाडून बसला होता. त्यानं एकदाही मान वर केली नाही. निघताना हेडमास्तरांनी उंबऱ्यातूनच हात जोडले. गाडीपर्यंत आले नाहीत.

परतीच्या वाटेवर अण्णा भलतेच खूश होते. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून सांगत होते, की मंडळी साधी आहेत, जमलं असंच समजा, आणि चढावर गाडीनं कशी ओढ घेतली ते पाहिलंत ना? ताई उडणारा पदर धरून बसली होती.

आठवडाभरानं मामा आले. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले, मग बशीत बघत म्हणाले, “पत्रिका जुळत नाही म्हणतात.”

आमच्यात नकार असाच देतात. कुणाच्या तोंडावर कुणी काही बोलायला नको, म्हणून सगळा दोष ग्रहांवर ढकलायचा. पण ही पत्रिका आधीच जुळलेली होती, आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. अण्णा उसळले. “आधी जुळली तेव्हा ग्रह काय झोपले होते?”

आई आयुष्यात अण्णांना कधी उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी ती मामांच्या देखत म्हणाली, “ग्रह जागेच होते. तुम्हीच वेळेवर कुठं थांबलात? आता सर्व्हिस मोटारीनं जा आणि हात जोडून विचारा.”

अण्णा गेले. कोर्टाचा दिवस बुडवून, माणसांत कोंबून घेऊन, धक्के खात गेले. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला परत आले ते ओटीवर तसेच बसले. टोपी धुळीनं मातकट झाली होती. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तर म्हणाले, “आधी ऐकून घे.” ताई आणि मी आतल्या दारापाशी बसून शेंगा फोडत होतो. आम्ही ऐकतो आहोत हे त्यांना दिसत होतं, तरी ते थांबले नाहीत.

हेडमास्तरांनी त्यांचा पाहुणचार नीट केला होता, सतरंजीवर बसवून. अण्णांनी चुकलं म्हटल्यावर ते म्हणाले होते, “वकीलसाहेब, तुम्ही म्हणालात ते खोटं नव्हतं. मी शाळेतला खडूचा तुकडा कधी घरी आणला नाही. तुम्ही मोटारीनं येणार म्हणून घाबरलो आणि खुर्च्या आणवल्या. ती मागून आणलेली खुर्ची मुलाच्या डोक्यावर असताना तुमच्या मुलीनं त्याला पाहिलं. ती कधी बोलायची नाही, पण त्याला जन्मभर ती बोलल्यासारखंच वाटत राहील. माझ्या मुलाला मी त्यात टाकणार नाही.”

अण्णांनी हे शब्द जसेच्या तसे सांगितले. सांगताना त्यांचा आवाज कोर्टातला राहिला नव्हता. आई पदराला डोळे पुसत आत निघाली, तेव्हा ताई बोलली.

“अण्णा, त्यांनी ती खुर्ची उतरवली आणि लाज न धरता आईपुढं मांडली, तेव्हाच मला ते पसंत पडले होते.”

तिच्या तोंडून असं काही आम्ही कधी ऐकलं नव्हतं. “मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस मला?” अण्णांनी विचारलं खरं, पण वाक्य पुरं होण्याआधीच त्यांची मान खाली गेली. येताना सगळा रस्ता आपणच बोलत होतो, हे त्यांना आठवलं असावं.

मग ते एकदम उठले. “उद्या परत जातो. हे मास्तरांच्या कानावर घालतो. तुला तेच आवडलं म्हटल्यावर—”

“नको, अण्णा,” ताई म्हणाली. “तुम्ही गेलात तर त्यांना पुन्हा तुमच्यासमोर बसून त्याच खुर्चीविषयी बोलावं लागेल. आपण पुष्कळ लाजवलं त्यांना. आता नको.”

अण्णा पुन्हा खाली बसले. ताईनं सूप पुढे ओढलं आणि राहिलेल्या शेंगा फोडायला घेतल्या. मी तिच्या शेजारीच होते, पण मान वर करून तिच्याकडे बघण्याचा धीर मला झाला नाही.