माझ्या नावापुढचं ‘राखीव’

“फुटबॉल. व्यावसायिक खेळाडू. राखीव.”

निवेदिकेनं माझं नाव घेतलं आणि पुढं हे वाचलं. तिच्या हातातल्या कागदावर होतं, तसंच. विद्यापीठाच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांचा सत्कार होता. माझ्याआधी एक न्यायाधीश झाले, एक डॉक्टरीणबाई झाल्या, एक कारखानदार झाले. माझ्याच खेळातला एक आघाडीपटू झाला, देशभर नाव असलेला, आम्ही सगळ्या त्याला दादा म्हणतो. त्यांच्या नावापुढं हुद्दा होता, मग टाळ्या. माझ्या नावापुढं एक शब्द जास्त होता.

मंचावरचे प्रमुख पाहुणे माइककडं वाकले. म्हणाले, “राखीव म्हणजे बाकावर बसणारी का?”

सभागृह हसलं.

खरं सांगते, मी पण हसले. तोंड आपोआप हसलं. मोठ्या माणसानं विनोद केला की हसायचं, ही सवय मला कधी लागली ते आठवत नाही. पण लागलेली होती. पाहुण्यांच्या विनोदापेक्षा त्या माझ्या हसण्याची लाज मला जास्त वाटते. अजून.

ते कुठलं राखीव, हे सगळ्यांना कळलं होतं. नावांची यादी प्रवेशाच्या रजिस्टरवरून, प्रवर्गासकट उतरवलेली. कुणी वाचून बघितली नाही. किंवा बघितली, आणि त्यात काही खटकलं नाही.

मी बाकावर बसले नव्हते असं नाही. पहिल्या वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धेला मला नेलं होतं. पाच सामने. एकदाही मैदानात उतरवलं नाही. माझ्या जागी बचावाला खेळायची ती मुलगी क्रीडा संचालकांच्या ओळखीतल्या घरची. जमीनजुमलावाल्यांची. तिला डावा पायच नव्हता म्हणा, सगळे चेंडू उजव्यानंच मारायची. चौथ्या सामन्यानंतर मी सरांना, म्हणजे त्या संचालकांनाच, विचारलं. सर म्हणाले, “कोट्यातून आलीस, संघात घेतलं, गाव बघायला मिळालं. अजून काय पाहिजे तुला?”

मी बूट काढून पिशवीत ठेवले.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं म्हणून मला जागा मिळाली. मग मी ती कुणाला दिली नाही. तिथून कोलकात्याचा क्लब, मग केरळचा. आठ हंगाम. भर उन्हात नव्वद-नव्वद मिनिटं. दोनदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्यानंतर डॉक्टर म्हणाले, आता बास.

म्हणून मी घरी आलेले. पुंडलिकनगरला, आईकडं. विद्यापीठात मुलींच्या संघाला प्रशिक्षक हवा होता, मी अर्ज केलेला. सत्काराच्या आधी सरांचा फोन आला होता. “ये. मोठी माणसं येणारेत. तुझ्या जागेचंही बोलून टाकू.”

आई गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानासाठी ब्लाऊज शिवते. वडील गेल्यापासून त्या मशिनवरच आमचं घर चाललं. सत्काराला तिनं स्वतःसाठी नवीन ब्लाऊज शिवलं. तिसऱ्या रांगेत बसली होती, पाठ ताठ करून.

मी मंचाकडं निघाले. तिच्या रांगेजवळून जाताना तिनं माझा हात धरला. हळूच विचारलं, “का हसले गं?”

उत्तर होतं, पण आईला तोंडानं सांगावं असं नव्हतं.

तिथं माझं हसू गेलं.

पायऱ्या चढले. सर शाल उघडून उभे होते. पुटपुटले, “हस जरा, फोटो काढतायत.” मी शाल घेतली नाही. माइकजवळ गेले.

म्हणाले, “माझ्या नावापुढं राखीव वाचलं. वाचा. मला त्याची लाज नाय. पण मग सगळ्यांच्याच नावापुढं जात वाचा. मंचापासून सुरू करा. आम्ही ऐकतो.”

निवेदिका कागदाकडं बघत राहिली. पाहुणे म्हणाले, “अहो, गंमत केली मी.”

“मला कळली गंमत. माझ्या आईला नाय कळली. ती तिसऱ्या रांगेत बसलीय. तिला समजावून सांगा.”

आई उठून उभी राहिली. तिला वाटलं, बोलावलंय. पाहुण्यांनी तिच्याकडं बघितलं, मग पाण्याचा ग्लास उचलला. सगळं सभागृह मान वळवून माझ्या आईकडं बघत होतं आणि तिला समजावून सांगायला एक माणूस पुढं येत नव्हता.

मी खाली उतरले. तिला घेऊन बाहेर पडले.

रिक्षात मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “बाबासाहेबांनी दिलेलं हाये ते. त्यात हसण्यासारखं काय हाये?” आणि थोड्या वेळानं, “तुझी नोकरी गेली आता.”

“व्हय.”

“जाऊ दे,” असं ती म्हणाली नाही. तिला नोकरी हवी होती. तिचे डोळेही आता सुईत दोरा ओवताना थकतात.

संध्याकाळी दादाचा फोन आला. सभागृहात तो माझ्या शेजारीच बसला होता. “बरोबर बोललीस तू. पण असं चारचौघांत नको होतं.”

“आणि माझा अपमान कुठं झाला, दादा? चारचौघांतच ना?”

त्यानं विषय बदलला, माझ्या गुडघ्याचं विचारलं.

“मी विद्यापीठाकडं तक्रार देतेय. तू शेजारी होतास, ऐकलंस, एवढं लिहून दे.”

“बघतो,” म्हणाला. अजून बघतोय.

तक्रार दिल्यावर आठवड्यानं सर घरी आले. आईनं चहा केला. सरांनी खिशातून टाइप केलेला कागद काढला. ‘गैरसमजातून बोलले, खेद वाटतो.’ खाली माझ्या सहीची जागा.

“सही कर. प्रशिक्षकाचं मी बघतो. आपल्याच विद्यापीठाची बदनामी कशाला?”

मी म्हणाले, “सर, त्या पाच सामन्यांत तुमचं उत्तर ऐकून मी गप्प बसले, म्हणून तुम्ही हा कागद घेऊन येऊ शकलात.”

आई शिवणाच्या मशिनवरून उठली. सरांचा अर्धा प्यालेला कप उचलला आणि आत घेऊन गेली. सर समजले. उठले.

प्रशिक्षक म्हणून दुसऱ्याच कुणाला घेतलं. चौकशी समितीचं पत्र मात्र आलंय. सोमवारी, अकरा वाजता. तिथं तेच सांगणार. वाचलं ते, पाहुणे बोलले ते, लोक हसले ते. आणि पहिल्या वर्षीचे पाच सामनेही सांगणार, कारण आज त्या संघात बाकावर कोण बसतंय आणि का, हे मला माहीत आहे. साक्षीला कुणी येणार नाही. एकटी जाणार. तक्रारीतला एक शब्द मागं घेणार नाही.