पत्रिकेतले कालकथित

बारामतीत डीटीपीच्या दुकानात मी लग्नपत्रिका तयार करायची. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये शोध-बदलाची स्क्रिप्ट लिहिता येणारी तालुक्यात मी एकटीच, असा माझा ठाम समज होता. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेला हुकूम: हा शब्द शोध, त्या जागी तो घाल. आपण निवांत चहा प्यायचा. भलतीच ऐट होती मला.

मग माझंच लग्न ठरलं. थोरल्या भावाच्या पत्रिकेची फाईल होतीच, तिच्यातच बदल करायचे होते. फक्त एक बदल माझ्यानं होईना. आमच्या बौद्ध घरांत पत्रिकेत नावाआधी 'आयु.' लावतात, म्हणजे आयुष्मान किंवा आयुष्मती, आणि माणूस गेलेला असेल तर 'कालकथित'. भावाच्या लग्नानंतर अण्णा, माझे वडील, गेले होते. त्यांच्या नावाआधीचं 'आयु.' खोडायला बोट उठेना. म्हटलं, आपण कशाला, स्क्रिप्ट करील.

केलं की तिनं! अण्णांच्या नावापासून जिथं 'आयु.' दिसेल तिथं 'कालकथित' घालत ती थेट पानाच्या तळापर्यंत गेली. एका बदलानंतर थांब, हे सांगायला मी विसरले होते. काका, आत्या, मामा, मावश्या, झाडून सगळे कालकथित. 'चि.' लावलेली पोरं तेवढी वाचली. तपासताना मी अण्णांची ओळ वाचली, डोळे भरून आले, आणि पुढं न वाचताच पान छपाईला दिलं.

गठ्ठा एसटीनं आमच्या गावी, अंथुर्ण्याला गेला, पत्रिका वाटून झाल्या, आणि मग दुकानात आईचा फोन आला. मला घाम फुटला तो तात्यांच्या नावानं. तात्या म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, लग्नात अण्णांच्या जागी तेच उभे राहणार होते. भावाच्या पत्रिकेत त्यांचं नाव मेव्हण्याच्या खाली गेलं, तर हे मांडवाबाहेर ट्रॅक्टरवर जाऊन बसले होते. अण्णांनी ताट नेऊन दिलं तेव्हा कुठं उतरले. नाव खाली गेलं तर ही तऱ्हा, इथं तर मी माणूसच घालवला होता! आता हे काही येत नाहीत, माझ्यामागं उभं राहायला कुणीच नाही, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या दुकानात हजर. हातात पत्रिका. मालक मुकाट्यानं आतल्या खोलीत सटकले. मी माफी मागायला लागले, तर तात्यांनी हातानंच गप्प केलं.

"रुसनारच हुतो," ते म्हणाले. "ट्रॅक्टरवर चढलो बी हुतो. पर म्हटलं, ताट घिऊन येनारा अण्णा न्हाय आता. म्हनून माझा मीच आलो."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मालक डोकावले आणि पुन्हा आत गेले. तात्यांनी खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसले.

पत्रिका पुन्हा छापायची म्हणून मी फाईल उघडली, पण स्क्रिप्टला हात लावला नाही. अण्णांच्या ओळीवर गेले, स्क्रिप्टनं घातलेला 'कालकथित' खोडला आणि तोच शब्द एकेक अक्षर करून माझ्या हातानं टाईप केला. तात्यांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि खाली स्वतःच्या नावावर आणलं.

मग म्हणाले, "हां. आता मला जित्ता कर. आन् जरा वर घे."